देवाच्या खुंटीवरचा सॅक्सोफोन

आमचे घरमालक चूल फुंकत नसत. यावर कोणी म्हणेल, त्या काळी कुठला घरमालक फुंकत होता? पण आमच्या घरमालकांचं न फुंकणं आळसापोटी नव्हतं, ते धार्मिक होतं. निदान ते तसं सांगत. लाकडं ओली असायची, धुराने सगळं घर खोकत असायचं, काकी, म्हणजे त्यांची बायको, मासे कापायला बसलेल्या असायच्या आणि आतून ओरडायच्या, "अवो, माजे हात माशाचे आसत, वायच फुंका मगे!" तेव्हा हे गृहस्थ ओसरीवरच्या खुर्चीतून न उठता म्हणत, "माजी फुंक देवाक दिलेली आसा. ती चुलीक कशी दिवं?"

फुंकणी हे वाद्य आहे असा त्यांचा दावा होता. एका टोकाला तोंड लावायचं, दुसऱ्या टोकातून काहीतरी बाहेर पडायचं. आवाजाऐवजी धूर पडतो, हा वाजवणाऱ्याचा दोष. याच न्यायाने ते आरतीला शंख फुंकत नसत, नातेवाइकांच्या पोरांचे फुगे फुगवत नसत आणि गरम चहावर फुंकरही घालत नसत. चहा निवेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसत आणि निवला की तक्रार करत.

मी सावंतवाडीकडची. पेडणे तालुक्यातल्या एका मराठी शाळेवर शिक्षिका म्हणून गेले आणि या घराच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहिले. गावाचं नाव सांगत नाही. पार्से आणि कोरगाव यांच्या मधल्या कुठल्यातरी वळणावर बस थांबते, एवढं पुरे. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि दुर्दैवाने वाचतात. घरात तेव्हा घरमालक आणि काकी अशी दोघंच. त्यांचा एकुलता मुलगा डिचोलीला एका खाणीवर नोकरीला होता आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी यायचा.

पहिल्याच आठवड्यात मी काकींना विचारलं, "देवाला फुंक दिली म्हणजे काय हो?"

"देवळात जावन बघ," काकी म्हणाल्या. "घाटीच्या बाजूक लटाकता तां."

घाट म्हणजे आमच्याकडे देवळातली मोठी घंटा. मी गेले आणि पाहिलं. सभामंडपात घंटेच्या शेजारी एका खुंटीला एक भलामोठा सॅक्सोफोन टांगलेला होता. त्याच्या गळ्यात झेंडूची सुकलेली माळ, अंगाला दर दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचे थरावर थर. लोक घंटा वाजवायचे आणि जाता जाता त्यालाही हात लावून नमस्कार करायचे. एका म्हाताऱ्या आजींनी मला सांगितलं की तो देवाचा हुक्का आहे.

खरी हकीगत अशी होती. घरमालकांचे वडील त्याच देवळात सनई वाजवत. वाजंत्र्याचं घर. पण मुलगा तरुणपणी मुंबईला पळाला, एका बड्या हॉटेलात बशा पुसायला लागला, आणि तिथल्या बँडमधल्या बार्देशच्या एका ख्रिस्ती वादकाने त्याला हाताशी धरून सॅक्सोफोन शिकवला. सनईवाल्याचा मुलगा, श्वास वडिलोपार्जित होता. पुढे तो त्याच बँडमध्ये जॅझ वाजवायला लागला. हॉटेलात हिंदू नाव शोभत नाही म्हणून बँडच्या मालकाने त्याचं बारसं पुन्हा केलं. ते नाव काय होतं, हे मी पुष्कळदा विचारलं. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "त्या नावार खूप लफडी आसत," एवढंच म्हणाले, तेही काकी विहिरीवर गेल्याची खात्री करून.

गोवा मुक्त झाला, सीमेवरची अडवणूक संपली, आणि गृहस्थ चतुर्थीला ऐटीत घरी आले. हातात सॅक्सोफोनची पेटी, पायात दोन रंगांचे बूट. तेवढ्यात लहानग्या मुलाला विषमज्वर झाला. ताप उतरेना, पोर डोळे उघडेना. काकी देवासमोर जाऊन बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचां जां सगळ्यात आवडता, तां देवाक दिया." त्यांनी दिलं. वाद्य देवाच्या पायाशी ठेवून बोलले की झील बरा होऊ दे, हे पुन्हा तोंडाला लावणार नाही. मुलगा बरा झाला. घरमालक परत मुंबईला गेले नाहीत. गावात त्यांनी दुकान घातलं आणि उन्हाळ्यात काजू विकत घेऊन पेडण्याच्या बाजारात पोचवायचं काम धरलं.

आता तो मुलगा. इतका सरळ, इतका सालस, इतका कंटाळवाणा तरुण मी आयुष्यात पाहिलेला नाही. कानाने ठार बेसूर. राष्ट्रगीत आणि आरती तो एकाच चालीत म्हणायचा. शनिवारी तो घरी येऊन, पाय धुऊन जेवायला बसला, की घरमालक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहत. मग माझ्याकडे वळून म्हणत, "बाय, बघ. ह्येच्या बदल्यात दिलो मी सॅक्सोफोन."

मुलगा हसायचा. जन्मभर ऐकलेलं होतं त्याने. काकी मात्र ताडकन उठून जायच्या आणि आत भांडी आपटायच्या. त्या नवसाची त्यांना थट्टा चालत नसे. मुलगा जगला तो त्या नवसाने, आणि नवस मोडला तर त्याचं काय होईल, ही भीती त्या बाईच्या पोटात कायमची बसलेली होती. पावसात बसला उशीर झाला तरी त्या देवासमोर दिवा लावायच्या.

घरमालक देवाला भीत नसत, पण देवाशी वागायला बिचकत. भाऊबंदकीतल्या मोठ्या भावाशी वागतात तसे. एक गोष्ट मात्र मला लवकरच कळली. या माणसाने वाजवणं सोडलं होतं, पण तोंड राखलं होतं. दाढा सगळ्या किडून पडल्या तरी चालेल. पुढचे दात मात्र म्हापशाच्या दंतवैद्याकडे जाऊन डोळ्यांत तेल घालून जपलेले. पान खात नसत, ओठ फुटू नयेत म्हणून थंडीत खोबरेल लावत. कशासाठी जपताय, असं विचारलं की म्हणत, "मेल्यावर बायलेन तोंडात पाणी घालूक नको? तेका साबूत तोंड होयां."

सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलला लावलेला रबरी भोंगा दाबत यायचा. पों, पों, पों. घरमालकांना ते सहन होईना. त्यांनी एक दिवस त्या पोदेराला ओसरीवर बसवून घेतला, चहा पाजला आणि भोंगा कसा दाबायचा ते शिकवलं. एक लांब, दोन आखूड, मग थांबायचं, लोकांना वाटलं पाहिजे की हा आता वाजवेल, पण वाजवायचं नाही, आणि ते वाट बघायचं सोडतात न सोडतात तोच शेवटचा ठोका. पोदेर हुशार निघाला. आठवड्याभरात तो असा काही भोंगा वाजवू लागला की बायका पाव घ्यायचे विसरून कान देऊन उभ्या राहू लागल्या. मग त्याचा खप उतरला, तेव्हा त्याच्या बापाने येऊन घरमालकांना शिव्या घातल्या आणि प्रकरण पुन्हा पों, पों, पोंवर आलं.

"जॅझ म्हणजे काय हो काका?" मी त्यांना एकदा विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"समज, तू बाजाराक जातंस," ते म्हणाले. "वाट तुका ठावक आसा. पण सरळ गेलंस तर काय मजा? मदी कोणाक तरी शिवी घालूची, कोणाच्या तरी बागेतले आंबे काढूचे, एका जुन्या मैतराच्या घराकडे वायच बसूचां, आणि बाजार बंद होवच्या आदी पोचूचां. तां जॅझ."

"आणि पोचलं नाही तर?"

"तर कीर्तन."

आमच्याकडे देवाला काही विचारायचं तर कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो, काही उजवीकडे, काही डावीकडे. मग माणसाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न ठरवण्यापासून विहीर खणण्यापर्यंत सगळं याच्यावर. घरमालक दर वर्षी जत्रेनंतर जाऊन एकच प्रश्न लावत: नवसातून मोकळं करतोस काय? दर वर्षी डावी पडे. मग हे गुरवाशी भांडत. उजवीकडे तू पाणी जास्त लावतोस, म्हणून ती घट्ट बसते. एकदा घरून स्वतःचं पाणी तांब्यात घेऊन गेले. डावीच पडली.

एके वर्षी त्यांनी कहर केला. मी तिथेच होते. ते गुरवाला म्हणाले, "आज येगळां इचार. इचार, आज सोमवार काय?"

"काका, आज सोमवारच आसा," गुरव म्हणाला.

"माका ठावक आसा. तेका ठावक आसा काय बघूया."

गुरवाने घाबरत घाबरत पाकळ्या लावल्या. घरमालक पुढे वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने डावी पाकळी अलगद खाली आली. घरमालक माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर असा आनंद की जणू कोर्टात साक्षीदार फुटला. "जेका वार ठावक नाय, तो माज्या झिलाची राखण करता!" म्हणाले आणि घरी येऊन पोटभर जेवले. काकींनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही अन्न घेतलं नाही. देवाची माफी मागायला त्या अनवाणी गेल्या आणि नवऱ्याशी आठवडाभर माझ्यामार्फत बोलल्या.

मग शिवोलीहून तो म्हातारा आला. फेरीबोटीने नदी ओलांडून, स्कूटरवर, डोक्याला टोपी. मुंबईच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. नंतर बोटींवर वाजवत जग फिरला आणि म्हातारपणी गावी परतला. घरमालकांना मिठी मारून तो बराच वेळ नुसता हसत राहिला. मग म्हणाला, "पात्रांव, आमी चार म्हातारे उरल्यात. म्हापश्यां एक हॉल घेतला. एकूच सांज. पयलींसारकें वाजोवपाचें. तूं येना जाल्यार सॅक्स कोण वाजयतलो? तुजी बायल?"

घरमालकांनी त्याला नवस सांगितला. म्हाताऱ्याने तो नीट ऐकून घेतला. तो रोज चर्चला जाणारा माणूस. नवसाची थट्टा त्याने केली नाही. फक्त निघताना म्हणाला, "फुडले खेपे आमी चार आसतले काय ना, देवाक खबर."

त्या दिवसापासून घरमालकांची थट्टा आटली. इतकी वर्षं ते नवसावर विनोद करत, तोपर्यंत सगळं ठीक होतं; आता ते गप्प झाले आणि मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. त्यांनी कौल लावला: सॅक्सोफोन घेऊन म्हापशाला जाऊ? डावी. गुरवानेच आपणहून पुन्हा लावला. पुन्हा डावी. ते भांडले नाहीत. पाण्याबद्दलही काही बोलले नाहीत.

पण सनईवाल्याचं डोकं. दोन दिवस ओसरीवर बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "बाय, माका सांग. देव काय म्हणता? म्हापश्याक नेव नको. वाजव नको असां तो म्हटल्यान?"

"नवस तर तसाच आहे ना काका?"

"नवस माजो. मी तेका असां इचारलंयच नाय. ही वस्तू देवळाभायर नेवक देयना, म्हणजे तेका सोताक ऐकूचां आसतलां." आणि चप्पल घालून थेट देवळात. प्रश्न लावला: तुझ्यासमोर, तुझ्या मंडपात वाजवू? गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. गुरव म्हणाला, एवढ्या घाईत पडलेली पाकळी त्याच्या बापानेही पाहिली नसेल.

गावचा भजनी सप्ताह तोंडावर आला होता. सप्ताहाचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो: भजन अखंड चाललं पाहिजे. एका वाड्याची पाळी संपायच्या आत पुढच्या वाड्याने टाळ उचलायचे. मध्ये खंड पडला तर गावाला वाईट. दुपारच्या जेवणानंतरची पाळी कोणालाच नको असते, कारण त्या वेळी देव सोडून सगळे झोपलेले असतात. ती पाळी घरमालकांना मिळाली. देवस्थानच्या मंडळीत थोडी कुरकूर झाली, देवळात नाचाचं वाजप कसलं म्हणून. घरमालक म्हणाले, "देवान हो म्हटलां. तुमका नको आसल्यास तुमी कौल लावा." कोणी लावला नाही.

काकी मात्र अडून बसल्या. परवानगी पाळीपुरती, त्याआधी एक फुंकही मारायची नाही. म्हणजे सराव नाही. घरमालकांनी सॅक्सोफोन मंडपातच उतरवून साफ केला. आतून कुंभारीण माशीची मातीची घरटी निघाली, झुरळं निघाली, झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या कुजल्या होत्या. नवं चामडं देवळात आणायला गुरव नाही म्हणाला, तेव्हा घरमालकांनी नुसतं पखवाजाकडे बोट दाखवलं. तोंडात धरायच्या पट्ट्या शिवोलीच्या म्हाताऱ्याने पाठवल्या. आणि संध्याकाळी ओसरीवर हे गृहस्थ चुलीची फुंकणी हातात घेऊन बसत, डोळे मिटून, न फुंकता, फुंकणीवर बोटं चालवत. फुंकणी नसल्यामुळे काकी आत तोंडाने चूल फुंकत आणि बाहेर नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात खोकत.

त्या दुपारी मंडपात दहा-बारा माणसं असतील, त्यातली बहुतेक खांबांना टेकून पेंगणारी. पेटीवर दुकानाशेजारचा शिंपी, पखवाजावर त्याचा मेहुणा. बायकांच्या बाजूला मी आणि काकी. काकी पदर दातांत धरून बसल्या होत्या. घरमालक धुतलेला सदरा घालून उभे राहिले, देवाला हात जोडले, वाद्य तोंडाला लावलं आणि फुंकलं.

म्हैस व्यायला अडली की कशी ओरडते? तसा आवाज झाला. पेंगणारा एक म्हातारा दचकून उठला आणि म्हणाला, "खाणीचो भोंगो जालो?" पोरं बाहेर हसली. घरमालकांनी पुन्हा फुंकलं. अभंग अगदी सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण तो ओळखू येईपर्यंत बराच वेळ गेला. बोटं पळत होती आणि श्वास मागून येत होता. मध्येच नुसती हवा निघायची. मला कुठे बघावं कळेना. मी ज्या माणसाला एवढी वर्षं चढेल समजत होते, तो सगळ्या गावासमोर घामाघूम होऊन चुकत होता.

पाळी कशीबशी संपत आली आणि मग पुढच्या वाड्याची माणसं आलीच नाहीत. कोणीतरी धावत जाऊन बातमी आणली: त्यांच्याकडे जेवणं उशिरा बसली, पंगत अजून उठायची आहे. शिंप्याने घरमालकांकडे पाहिलं. थांबता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, मला संगीतातलं कळत नाही. अभंग चालूच होता, पण ते आता त्याच्या सरळ वाटेने जात नव्हते. एखादी ओळ घेऊन ती उलटी करून बघत, मध्येच सोडून देत, खाली कुठेतरी जाऊन बसत, आणि आता हरवले असं वाटतं तोच वरून येऊन बरोबर टाळावर उतरत. शिंप्याने हात वर करून पेटी सोडून दिली. मेहुणा मात्र हुरूप येऊन पखवाज असा काही बडवायला लागला की त्याच्या घरच्यांनी त्याला ओळखलं नसतं. पेंगणारे सरळ बसले. हसणारी पोरं पायऱ्यांवर येऊन थांबली. खालचा ओठ दाताखाली फुटून त्यांच्या हनुवटीवर रक्त आलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यात कुठेतरी मोठं दुःख होतं आणि चावटपणाही तेवढाच होता, आणि मला रडू आलं. पोरांना छडी मारताना ज्या बाईचे डोळे कधी ओलावले नाहीत, तिला रडू आलं.

काकींनी माझं मनगट धरलं. त्यांनी नवऱ्याचं वाजवणं कधी ऐकलेलंच नव्हतं. ते वाजवायचे मुंबईला, हॉटेलात. या इकडे सासूसासऱ्यांचं करत होत्या. चतुर्थीला पेटी घरी आली ती उघडायच्या आधीच पोर आजारी पडलं.

"बाय," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "हांच तां? मी सोडूक लायलंय तां?"

"हेच."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "माका वाटलेलां बिडी सोडल्यासारखां आसतलां."

पुढच्या वाड्याची माणसं ढेकर देत आली, टाळ वाजले, आणि घरमालक खाली बसले. सॅक्सोफोन पुसून त्यांनी आपल्या हाताने खुंटीला लावला. घरी आल्यावर मीठपाण्याच्या गुळण्या केल्या आणि खुर्चीत बसून राहिले. काकींनी कोमट पेज वाटीत आणून दिली. "बरां जालां," एवढंच म्हणाल्या. त्यावर त्यांनी काही चावट बोलायला हवं होतं, पण बोलले नाहीत. म्हापशाची सांज आठवड्यावर आली होती, आणि आता त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं की आपल्याला अजून वाजवता येतं. ते ठाऊक नव्हतं तेव्हा बरं होतं, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

दोन दिवसांनी दुपारी काकी माझ्या खोलीच्या दारात उभ्या. नवी साडी, हातात नारळ. "चल गो देवळात. एकटीक धीर होयना."

देवळात गुरवाशिवाय कोणी नव्हतं. काकींनी नारळ ठेवला आणि प्रश्न सांगितला: माझ्या घोवाला नवसातून मोकळं करतोस काय? गुरवाने पाकळ्या लावल्या. "बा देवा महाराजा," म्हणून त्याने गाऱ्हाणं घातलं. आम्ही तिघं उभे राहिलो. काकींचे ओठ हलत होते. मी त्या मूर्तीच्या उजव्या अंगाकडे अशी बघत होते की नुसत्या नजरेने एखादी पाकळी सुटली असती.

डावी पडली.

गुरव हळूच म्हणाला, "काकी, परत लावू?"

"नको. एकदा सांगलां ना तेणी." त्या पुढे झाल्या, उंबऱ्याला कपाळ टेकलं आणि देवाशी बोलू लागल्या. मोठ्याने नव्हे, पण सगळं ऐकू येत होतं. "ह्या माज्या माथ्यार. ह्यांच्या न्हय, झिलाच्या न्हय. जां काय घेवचां तां माज्याकडसून घे. तेका हात लावलंस तर माज्याशी गाठ आसा." मग उठून त्यांनी ती पाकळी उचलून पदरात बांधली आणि गुरवाला म्हणाल्या, "तां वाजप काड खुंटयेवरसून."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी काय बघितलास?"

"मी घंटा बघत होते," मी म्हणाले.

"मी पण घाटीकडेच बघी होतंय," तो म्हणाला आणि स्टूल आणायला गेला.

रस्त्याने काकींनी तो सॅक्सोफोन छातीशी धरून आणला, लहान पोर आणावं तसा. घरमालक ओसरीवर होते. ते उभे राहिले आणि तसेच राहिले.

"उजवी पडली," काकी म्हणाल्या.

मी त्या घरात एवढी वर्षं राहिले, पण त्या बाईला खोटं बोलताना मी तेव्हा एकदाच ऐकलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. घरमालकांनी, ज्यांनी देवाला वार विचारला होता, त्यांनी काहीही विचारलं नाही. वाद्य हातात घेतलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी दुपारी शिवोलीचा म्हातारा स्कूटरवरून त्यांना घेऊन गेला. मागे बसलेले घरमालक, मांडीवर पोत्यात गुंडाळलेला सॅक्सोफोन, पायात ते दोन रंगांचे बूट, तळव्याला भोकं पडलेले. वळणावर पोचेपर्यंत काकी हसत हात करत होत्या. स्कूटर दिसेनाशी झाली आणि त्यांनी फाटकाचा खांब धरला.

संध्याकाळची डिचोलीची बस वेळेवर आली नाही. मी काकींना घरात चला म्हणाले, चहा करून आणला. त्यांनी घेतला नाही. उन्हं कलली. रस्त्यावरून एक खाणीचा ट्रक गेला, मग दुसरा, आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात माझ्या दंडावर आवळला. मी देव मानत नव्हते, आजही फारसा मानत नाही, पण त्या वेळी मीही त्याच्याशी बोलले आणि फार नम्रपणे बोलले नाही.

बस आली. चाक पंक्चर झालं होतं म्हणे. मुलगा खाली उतरला, नेहमीसारखा सावकाश, आणि आईला फाटकात बघून घाबरला. "आये, कित्याक उबी? काय जालां?"

काकींनी त्याला जवळ ओढलं, एवढ्या मोठ्या बाप्याच्या कपाळाला आणि मग मानेला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"काय नाय जालां," त्या म्हणाल्या. "तुजो बापूस वाजवूक गेलो."